पोटाच्या डायलिसिसची नळी : तीन शस्त्रक्रियापद्धती आणि चेन्नईपुढील प्रश्न

तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू केली. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देणारी योजना म्हणून ती प्रामुख्याने ओळखली जाते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना पोटाच्या डायलिसिससाठी लागणाऱ्या द्रावणाच्या पिशव्या घरी पोहोचवण्याची तरतूदही या योजनेत आहे. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची ठरते.

परंतु पिशवी दारापर्यंत पोहोचली तरी त्यातील द्रावण पोटात सोडण्यासाठी आणि बाहेर काढण्यासाठी एक नळी शस्त्रक्रियेने बसवावी लागते. ही नळी सरकली, तुंबली किंवा तिच्या वाटेने जंतुसंसर्ग झाला, तर उपचार थांबतात आणि रुग्णाला तातडीने यंत्रावरील डायलिसिसकडे वळावे लागते. म्हणूनच ही नळी कोणत्या पद्धतीने बसवावी, कोणी बसवावी आणि केव्हा बसवावी, हे प्रश्न जगभरच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांमध्ये अनेक वर्षे चर्चेत आहेत. चेन्नईतील सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या दृष्टीनेही ते कळीचे आहेत.

उपचाराचे स्वरूप

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ आवरण असते. त्याला उदरावरण किंवा पेरिटोनियम म्हणतात. या आवरणात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटात साखरयुक्त द्रावण सोडून काही तास राहू दिले, तर रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी या आवरणातून द्रावणात उतरतात. नंतर ते द्रावण बाहेर काढून नवे भरले जाते. साधारणतः दोन लिटरची एक पिशवी, अशा दिवसातून तीन ते चार पिशव्या लागतात. प्रत्येक बदलाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि हे काम रुग्ण स्वतः किंवा घरातील व्यक्ती करू शकते. या पद्धतीला संक्षेपाने सीएपीडी असे म्हटले जाते.

हीमोडायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातून शुद्ध केले जाते. त्यासाठी प्रत्येक वेळी सुमारे चार तास केंद्रात बसावे लागते. मिनिटाला अर्धा लिटर या सर्वसाधारण वेगाने हिशेब केल्यास एका सत्राला १२० लिटर शुद्ध द्रावण लागते. आठवड्याला तीन सत्रे धरल्यास वर्षाला १५६ सत्रे होतात, म्हणजे एका रुग्णामागे १८ हजार लिटरहून अधिक. पाणी शुद्ध करताना वाया जाणारे पाणी यात धरलेले नाही. जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले होते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे महत्त्व ध्यानात येईल. डिसेंबर २०१५ च्या महापुरात याच शहराची वाहतूक आणि वीजपुरवठा ठप्प झाला होता. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात तर देशभरातील डायलिसिस रुग्णांना केंद्र गाठणे कठीण झाले होते. अशा प्रसंगी घरीच होऊ शकणाऱ्या उपचाराचे मोल वाढते.

पोटाच्या डायलिसिसच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. हाताळणीत स्वच्छता राखली गेली नाही, तर उदरावरणाचा दाह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. द्रावणातील साखर शरीरात शोषली जाते आणि प्रथिने मात्र बाहेर जातात. पिशव्या ठेवण्यासाठी घरात कोरडी जागा हवी. घरातील एका व्यक्तीवर, बहुधा पत्नीवर किंवा आईवर, रोजचा भार पडतो. या सर्व अडचणी मान्य करूनही अनेक रुग्णांना ही पद्धत सोयीची ठरते.

मुंबईहून चेन्नईपर्यंत

मराठी वाचकांना डायलिसिस हा शब्द सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर ऐकू आला तो १९७५ च्या अखेरीस. आणीबाणीत स्थानबद्धतेतून मुक्त झालेले जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते डायलिसिसच्या आधारे जगले. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी हे पुढे चेन्नईत अपोलो रुग्णालयात गेले. किडनी हेल्प ट्रस्ट या संस्थेच्या माध्यमातून त्यांनी खेड्यापाड्यांत रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी करून, स्वस्त औषधांनी हे विकार आटोक्यात ठेवण्याचा उपक्रम राबवला. मूत्रपिंड निकामी होऊच नये, हा त्यामागील विचार होता.

भारतात सीएपीडीचा आरंभ १९९१ मध्ये झाला. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांमध्ये चेन्नईतील डॉ. जॉर्जी अब्राहम यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९९३ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या टँकर फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने गरजू रुग्णांसाठी सवलतीच्या दरात डायलिसिसची सोय केली. चेन्नई सेंट्रल रेल्वे स्थानकासमोरील राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालय आणि त्याला संलग्न मद्रास वैद्यकीय महाविद्यालय येथे राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून मूत्रपिंडाचे रुग्ण येतात. शेजारच्या वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते. मूत्रपिंडविकारांच्या उपचारात या परिसराला जे स्थान आहे, त्यामागे अशी दीर्घ परंपरा आहे.

नळी कशी विकसित झाली

पोटात द्रावण सोडून रक्तशुद्धी करण्याचा मानवावरील पहिला प्रयोग जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये केला. पुढील अनेक दशके प्रत्येक वेळी पोटात नव्याने कडक नळी खुपसावी लागत असे. भारतातील सरकारी रुग्णालयांत अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णांसाठी, सलाईत ओवलेली ही कडक नळी खाटेपाशीच बसवण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. तीन-चार दिवसांपलीकडे ती ठेवता येत नसे. कारण त्यानंतर जंतुसंसर्गाचा धोका झपाट्याने वाढतो.

१९६८ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे हेन्री टेंकॉफ यांनी सिलिकॉनची मऊ नळी तयार केली. तिच्यावर डॅक्रॉन या धाग्याची दोन कडी असतात. एक कडे पोटाच्या स्नायूत आणि दुसरे त्वचेखाली बसते. शरीरातील पेशी या धाग्यात वाढतात, नळी जागेवर पक्की होते आणि बाहेरून आत जाणाऱ्या जंतूंना अटकाव होतो. १९७६ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी सीएपीडीची संकल्पना मांडली. त्यानंतर टोरांटो येथे डॉ. ओरिओपौलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या आणि हा उपचार घरी करणे शक्य झाले. टेंकॉफ यांच्या नळीत पुढे काही फेरफार झाले, मात्र तिचे मूळ रूप आजही कायम आहे.

तीन पद्धती

नळी बसवण्याच्या पद्धतींचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

पहिली पद्धत खुल्या शस्त्रक्रियेची. शल्यचिकित्सक बेंबीच्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद घेतात, स्नायू बाजूला करून उदरावरण उघडतात आणि नळीचे टोक ओटीपोटाच्या तळाकडे सरकवतात. नंतर नळीभोवती आवरण टाक्याने आवळून घेतले जाते. आवरण प्रत्यक्ष दिसत असल्यामुळे आतड्याला इजा होण्याचा धोका कमी राहतो. महागडी उपकरणे लागत नाहीत. तथापि शस्त्रक्रियागृह, शल्यचिकित्सक आणि बहुतेक वेळा भूलतज्ज्ञ यांची आवश्यकता असते. शिवाय छेदातून पोटाच्या खोल भागात डोकावता येत नाही, त्यामुळे नळीचे टोक नेमके कोठे गेले हे अंदाजानेच ठरते.

दुसरी पद्धत त्वचेतून सुईद्वारे नळी सरकवण्याची. केवळ त्या जागेपुरती भूल देऊन पोटात सुई घातली जाते, तिच्यातून बारीक तार आत सोडली जाते, तारेवरून मार्ग रुंद केला जातो आणि अखेरीस नळी आत सरकवली जाते. हृदयाच्या वा मानेच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालताना वापरले जाणारे हेच तंत्र मूत्रपिंडविकारतज्ज्ञांच्या परिचयाचे असते. त्यामुळे ते स्वतः ही प्रक्रिया करू शकतात. संपूर्ण भूल धोकादायक ठरेल अशा, दुबळ्या हृदयाच्या रुग्णांना याचा विशेष लाभ होतो. निव्वळ स्पर्शज्ञानावर विसंबून सुई घातल्यास आतडे किंवा मूत्राशय भेदले जाण्याचा धोका असतो. सोनोग्राफी किंवा क्ष-किरण पडद्याच्या मार्गदर्शनाने तो बराच कमी करता येतो. पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आणि आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असण्याची शक्यता असलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत सहसा टाळली जाते.

तिसरी पद्धत दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेची. पोटात वायू भरून, छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून, नळी डोळ्यांदेखत योग्य जागी ठेवली जाते. या पद्धतीचेही दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात दुर्बिणीचा उपयोग केवळ पाहण्यासाठी होतो. प्रगत प्रकारात शल्यचिकित्सक नळी स्नायूच्या आवरणातून तिरप्या बोगद्याने खाली नेतात, जेणेकरून ती वर सरकणार नाही. आतड्यांवर पसरणारा चरबीचा पडदा नळीला वेढून ती बंद करू शकतो. तो पडदा वरच्या बाजूस बांधून ठेवला जातो. चिकटलेले भाग सोडवले जातात आणि हर्निया आढळल्यास त्याच वेळी दुरुस्त केला जातो. यासाठी बहुधा संपूर्ण भूल, अद्ययावत उपकरणे आणि विशेष कौशल्य लागते. साहजिकच खर्च वाढतो आणि शस्त्रक्रियागृहाची प्रतीक्षाही वाढते.

तुलनेचे निष्कर्ष

या पद्धतींची तुलना करणारे अभ्यास जगभरातून आणि भारतातूनही प्रसिद्ध झाले आहेत. त्यांचा एकत्रित विचार करता काही गोष्टी स्पष्ट होतात.

जंतुसंसर्गाच्या बाबतीत कोणतीही एक पद्धत निर्विवादपणे सरस ठरलेली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात नळीचे प्रकार आणि ती बसवण्याच्या पद्धती यांची छाननी करण्यात आली. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि खुली शस्त्रक्रिया यांच्यात संसर्गाच्या दृष्टीने ठळक फरक त्यात आढळला नाही.

नळी सुरळीत चालण्याच्या बाबतीत मात्र फरक दिसतो. दुर्बीण केवळ पाहण्यासाठी वापरली, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत विशेष लाभ होत नाही. प्रगत प्रकारात नळी सरकण्याचे आणि तुंबण्याचे प्रमाण कमी असल्याचे २०१८ मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. म्हणजे लाभाचे श्रेय दुर्बिणीपेक्षा तिच्या साहाय्याने केलेल्या अतिरिक्त कामाला जाते. सुईची पद्धत आणि खुली शस्त्रक्रिया यांची तुलना केली असता, वर्षभरानंतर चालू असलेल्या नळ्यांचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत जवळपास सारखे आढळते.

आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीने २०१९ मध्ये अद्ययावत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत यासंबंधी उद्दिष्टे निश्चित केली आहेत. प्रगत दुर्बीण शस्त्रक्रियेने बसवलेल्या नळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक, तर अन्य पद्धतींनी बसवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक नळ्या बारा महिन्यांनंतर खुल्या असाव्यात. पहिल्या तीस दिवसांत नळीच्या मार्गाचा संसर्ग आणि उदरावरणाचा दाह हे प्रत्येकी ५ टक्क्यांपेक्षा कमी असावेत. आतड्याला वा अन्य अवयवाला इजा आणि गंभीर रक्तस्राव यांचे प्रमाण प्रत्येकी १ टक्क्याच्या आत असावे, असे ही तत्त्वे सांगतात.

तुलनेतील अडचणी

हे आकडे वाचताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पहिली अडचण रुग्णांच्या निवडीची. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया न झालेले, सडपातळ रुग्ण सुईच्या पद्धतीसाठी निवडले जातात. गुंतागुंतीचे रुग्ण शल्यचिकित्सकांकडे पाठवले जातात. अशा स्थितीत सुईच्या पद्धतीचे निकाल चांगले दिसले, तर श्रेय पद्धतीचे किती आणि निवडीचे किती, हे सांगणे अवघड होते. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी करणारे अभ्यास थोडे असून त्यांतील रुग्णसंख्याही मर्यादित आहे.

दुसरी अडचण व्याख्यांची. नळी निकामी झाली असे केव्हा म्हणावयाचे? द्रावण हळू उतरू लागले तेव्हा, की नळी काढावी लागली तेव्हा? अनेकदा द्रावण न उतरण्यामागे बद्धकोष्ठता हे साधे कारण असते. आतडी भरलेली असल्यामुळे नळीवर दाब येतो आणि रेचक दिल्यावर ती पुन्हा चालू लागते. एका रुग्णालयाने अशी घटना अपयश म्हणून नोंदवली आणि दुसऱ्याने नोंदवलीच नाही, तर दोघांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते.

तिसरी अडचण कौशल्याची. जो डॉक्टर आठवड्याला काही नळ्या बसवतो आणि जो वर्षातून दोन-तीन बसवतो, त्यांच्या निकालांत पद्धत एकच असली तरी अंतर पडते. त्यामुळे एका केंद्रात यशस्वी ठरलेली पद्धत दुसऱ्या केंद्रात तितकीच यशस्वी होईल, असे गृहीत धरता येत नाही.

कळीचा मुद्दा प्रतीक्षेचा

भारतातील परिस्थितीत आणखी एक घटक निर्णायक ठरतो, तो म्हणजे वेळ. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण आजार अगदी शेवटच्या टप्प्यात गेल्यावर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचतात. धाप लागलेली असते, अंगावर सूज असते, रक्तातील पोटॅशियम वाढलेले असते. अशा वेळी मानेतील मोठ्या रक्तवाहिनीत तात्पुरती नळी घालून हीमोडायलिसिस सुरू केले जाते. पोटाची नळी बसवल्यानंतर जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवडे थांबणे इष्ट समजले जाते. शस्त्रक्रियागृहाची तारीख मिळण्यास त्याआधी आणखी काही आठवडे गेले, तर तोपर्यंत मानेतील नळीतून रक्तात जंतू शिरण्याचा धोका कायम राहतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची शिल्लक याच काळात संपते. पोटाच्या डायलिसिसला योग्य असलेला रुग्ण सोयीअभावी यंत्रावरच राहतो, असेही घडते.

सुईची पद्धत या टप्प्यावर उपयोगी पडते. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ ती प्रक्रिया आपल्याच विभागातील निर्जंतुक खोलीत करू शकत असतील, तर शस्त्रक्रियागृहाची रांग टळते. निकड असल्यास दोन आठवड्यांच्या आतही, रुग्णाला आडवे झोपवून, कमी प्रमाणात द्रावण वापरून उपचार सुरू करता येतात. आडव्या स्थितीत पोटातील दाब कमी राहतो आणि द्रावण झिरपण्याची शक्यता घटते. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ स्वतः नळी बसवू लागल्यावर पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांची संख्या वाढल्याचा अनुभव काही देशांतून नोंदवला गेला आहे.

याचा अर्थ शल्यचिकित्सकांची गरज संपते, असा होत नाही. सिझेरियन, आतड्याची शस्त्रक्रिया वा क्षयरोगाचा पोटातील संसर्ग होऊन गेलेल्या रुग्णांसाठी दुर्बिणीची पद्धतच अधिक सुरक्षित आहे. सुईने बसवलेली नळी सरकली, तर ती जागेवर आणण्यासाठीही शल्यचिकित्सकच लागतो. सुईच्या प्रक्रियेत आतड्याला इजा झाल्यास तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत असणे आवश्यक आहे. त्यामुळे साध्या रुग्णांसाठी सुईची पद्धत, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी प्रगत दुर्बीण शस्त्रक्रिया आणि या दोन्हींची सोय नसेल तेथे काळजीपूर्वक केलेली खुली शस्त्रक्रिया, अशी विभागणी उपलब्ध पुराव्यांशी सुसंगत ठरते. ज्या रुग्णालयात यांपैकी एकच पद्धत उत्तम अवगत आहे, त्याने ती सोडून नवी पद्धत धरावी, असा निष्कर्ष या पुराव्यांतून निघत नाही.

इतर देशांचा अनुभव

हाँगकाँगने १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसला प्रथम पसंती देण्याचे धोरण अवलंबले असून तेथील बहुसंख्य डायलिसिस रुग्ण याच पद्धतीवर आहेत. थायलंडने २००८ मध्ये अशाच स्वरूपाचे धोरण सार्वत्रिक आरोग्य योजनेत समाविष्ट केले. २०२२ मध्ये तेथे रुग्णांना पद्धत निवडण्याची मोकळीक देण्यात आली. त्यानंतर यंत्रावरील डायलिसिसकडे ओघ वाढला आणि वाढत्या खर्चाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जगाचा एकत्रित विचार केल्यास डायलिसिसवरील सुमारे ११ टक्के रुग्ण पोटाच्या डायलिसिसवर आहेत. भारतात हा वाटा त्याहूनही कमी आहे.

केंद्र सरकारने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी मूत्रपिंड निकामी झालेल्या २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे ३ कोटी ४० लाख अतिरिक्त डायलिसिस सत्रांची गरज निर्माण होते, असे तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्या वेळी सांगितले होते. प्रत्येक सत्राला सुमारे २ हजार रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाखांहून अधिक खर्च येतो, याचाही उल्लेख त्यांच्या भाषणात होता. या कार्यक्रमाचा आरंभीचा भर जिल्हा रुग्णालयांतील यंत्रांवर राहिला. पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये जारी झाली. यंत्र बसवले की ते दिसते आणि त्याची सत्रे मोजता येतात. घरोघरी चालणाऱ्या उपचाराला मात्र नळी बसवणारा प्रशिक्षित डॉक्टर, रुग्णाला शिकवणारी परिचारिका आणि खंड न पडणारा पिशव्यांचा पुरवठा, अशी साखळी उभारावी लागते. तिच्यातील एकही दुवा निखळला तर उपचार बंद पडतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. गडचिरोली, नंदुरबार अथवा सिंधुदुर्गातील दुर्गम गावातून डायलिसिस केंद्रापर्यंतचा प्रवास रुग्णाचा आणि त्याच्यासोबतच्या नातेवाइकाचा पूर्ण दिवस घेतो. अशा भागांत पोटाचे डायलिसिस रुजवायचे असेल, तर जिल्हा पातळीवर नळी बसवण्याचे कौशल्य निर्माण करणे ही पहिली पायरी ठरेल.

रुग्णांनी काय विचारावे

नळी बसवण्यापूर्वी रुग्णाने आणि नातेवाइकांनी डॉक्टरांना काही प्रश्न विचारणे उचित ठरते. माझ्यासाठी हीच पद्धत का निवडली? गेल्या वर्षभरात आपल्या विभागात अशा किती नळ्या बसवल्या गेल्या आणि त्यांपैकी किती वर्षभर चालल्या? नळी बंद पडली तर ती दुरुस्त करण्याची सोय येथेच आहे का? पोटाची जुनी शस्त्रक्रिया, हर्निया किंवा जुनाट बद्धकोष्ठता असल्यास ती माहिती आपणहून सांगितली पाहिजे.

प्रक्रियेच्या पूर्वतयारीलाही पद्धतीइतकेच महत्त्व आहे. नळी त्वचेतून बाहेर पडण्याची जागा रुग्णाला बसवून आणि उभे करून आधीच आखून घेतली जाते. साडीची वा लुंगीची गाठ किंवा कमरेचा पट्टा तिच्यावर घासणार नाही आणि रुग्णाला स्वतःला ती जागा दिसेल, हे पाहावे लागते. पोट साफ करण्याचे औषध, मूत्राशय रिकामे करणे आणि प्रक्रियेपूर्वी प्रतिजैविकाची मात्रा यांची शिफारस सर्व पद्धतींसाठी समान आहे. पुढे घरी आल्यावर प्रत्येक बदलापूर्वी हात धुणे, मुखपट्टी वापरणे आणि पंखा बंद ठेवणे, हे नियम पाळावे लागतात. बाहेर येणारे द्रावण गढूळ दिसल्यास किंवा पोट दुखल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अत्यावश्यक आहे. बुरशीजन्य संसर्ग झाल्यास नळी काढून टाकण्यावाचून पर्याय राहत नाही.

पुढील वाटचाल

आंतरराष्ट्रीय सोसायटीच्या २०२२ च्या शिफारशीनुसार प्रत्येक केंद्राने उदरावरणाच्या दाहाचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा अधिक होऊ देऊ नये. हे उद्दिष्ट गाठले गेले की नाही हे ठरवण्यासाठी आधी प्रत्येक घटनेची नोंद हवी. कोणत्या रुग्णाला कोणत्या पद्धतीने, कोणी आणि किती दिवसांच्या प्रतीक्षेनंतर नळी बसवली, ती तीस दिवसांनी आणि बारा महिन्यांनी कशी होती, एवढी माहिती समान व्याख्यांनुसार नोंदवली गेली, तर पद्धतींची तुलना खऱ्या अर्थाने शक्य होईल. आजवरच्या अभ्यासांत प्रतीक्षेचे दिवस क्वचितच मोजले गेले. वास्तविक सरकारी रुग्णालयातील रुग्णासाठी तोच आकडा बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो.

तमिळनाडूकडे यासाठी आवश्यक असलेले बरेच काही उपलब्ध आहे. मूत्रपिंडविकार विभाग असलेली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तीन दशकांचा सीएपीडीचा अनुभव आहे आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक आहेत. ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेला २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला आहे. पिशव्या घरी नेणारी व्यक्ती नळीची स्थिती विचारून नोंदवू शकते. या नोंदी नळी बसवणाऱ्या डॉक्टरांपर्यंत परत पोहोचल्या, तर कोणत्या रुग्णासाठी कोणती पद्धत योग्य, याचे उत्तर परदेशी आकड्यांऐवजी इथल्याच रुग्णांच्या अनुभवातून मिळू शकेल. त्या दिशेने किती केंद्रे पुढे येतात, यावर घरपोच पिशव्यांच्या योजनेचे अंतिम यश अवलंबून राहील.